ओपन सोर्सनंतरचे परवाने: एफएसएल, बीएसएल, एसएसपीएल की पोस्ट-ओपन?

आपला कोड उचलून कुणी तीच सेवा विकायला बसेल, एवढीच धास्ती असेल तर आधी एफएसएल (फंक्शनल सोर्स लायसन्स) हा परवाना पाहा. सेन्ट्री या सॉफ्टवेअर कंपनीने 2023 मध्ये आणलेल्या या परवान्यात स्पर्धेसाठीचा वापर सोडला तर बाकी सगळं चालतं, आणि प्रत्येक आवृत्ती दोन वर्षांनी आपोआप अपाची 2.0 किंवा एमआयटी या खुल्या परवान्याखाली येते. मजकूर ठरलेला असल्यामुळे वापरणाऱ्याला तो एकदाच समजून घ्यावा लागतो.

मारियाडीबी या डेटाबेस कंपनीच्या बीएसएल (बिझनेस सोर्स लायसन्स) 1.1 मध्ये प्रॉडक्शन वापर, म्हणजे प्रत्यक्ष कामकाजातला वापर, मुळात बंद असतो. 'ॲडिशनल यूज ग्रँट' (जादा वापराची परवानगी) या कलमात जेवढी मुभा लिहाल तेवढीच मिळते. म्हणजे नाव एकच, पण अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. घोळ इथेच होतो. हॅशीकॉर्प कंपनीने ऑगस्ट 2023 मध्ये आपलं टेराफॉर्म हे सॉफ्टवेअर एमपीएल 2.0 या खुल्या परवान्यावरून बीएसएलवर नेलं, तेव्हा स्पर्धक नेमकं कुणाला म्हणायचं यावरच वाद पेटला आणि ओपनटोफू हा फोर्क (त्याच कोडवरून निघालेला स्वतंत्र प्रकल्प) उभा राहिला. बीएसएल घेणारच असाल तर मुभेच्या या कलमात उदाहरणं द्या. खुलं होण्याची मुदत जास्तीत जास्त चार वर्षं ठेवता येते, दोनच ठेवा.

या दोन्ही परवान्यांत एक खाच आहे. मुदत प्रत्येक आवृत्तीची वेगळी मोजली जाते. आज खुली झालेली आवृत्ती दोन-चार वर्षं जुनी, आणि तिच्यातल्या सुरक्षा-त्रुटींची दुरुस्ती मात्र नव्या, अजून बंधनात असलेल्या कोडमध्ये. 'पुढे खुलं होणारच आहे' या भरवशावर सॉफ्टवेअर निवडणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं.

मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीचा 2018 चा एसएसपीएल (सर्व्हर साइड पब्लिक लायसन्स) आम्ही सुचवणार नाही. सेवा विकणाऱ्याने देखरेख, बॅकअप, होस्टिंगचा कोडही याच परवान्याखाली खुला करावा, ही अट व्यवहारात बंदीच ठरते. एसएसपीएलकडे वळलेल्या इलास्टिकने 2024 मध्ये आणि रेडिसने 2025 मध्ये एजीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा पर्याय दिला, पण तोवर त्यांच्या कोडवरून निघालेले ओपनसर्च आणि वॅल्की हे फोर्क स्थिरावले होते.

ओपन सोर्सची व्याख्या लिहिणारे ब्रूस पेरेन्स यांची पोस्ट-ओपन कल्पना वेगळ्या वाटेची आहे: मोठ्या कंपन्यांनी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा द्यायचा आणि तो विकासकांत वाटायचा. दिशा आम्हाला पटते. पण वसुली आणि वाटप करणारी भक्कम यंत्रणा नसेल तर एकट्या प्रकल्पाला ती पेलणार नाही.

कोणताही परवाना निवडा, बदलण्याआधी बाहेरून आलेल्या कोडचा हक्क तपासा. तो कोड एमआयटीखाली आला असेल तर मूळ सूचना राखून पुढे नेता येतो. जीपीएलखाली (बदललेला कोडही त्याच परवान्याखाली ठेवायला लावणारा परवाना) आला असेल तर प्रत्येक लेखकाची संमती लागते. डीसीओची (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे कोड देण्याचा हक्क असल्याचं लेखकाचं प्रमाणपत्र) सही इथे पुरत नाही, कारण तिच्यात परवाना बदलण्याचा हक्क दिलेला नसतो.