पुढाऱ्यांनी मोडलेले कोविडचे नियम आणि दहा रुपयांचा अर्ज: कर्नाटकच्या माहिती अधिकार सेवेचा बेळगावातून आढावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कोविडचा विषय निघाला की आजही आवाज चढतो. मास्क हनुवटीवर घसरला म्हणून भाजीवालीच्या हातात दंडाची पावती ठेवली गेली, बापाच्या मयताला निघालेली माणसं नाक्यावरून परत फिरली, आणि त्याच काळात नियम काढणारे स्वतः गर्दीत हार घालून घेत होते. हा राग रास्त आहे. पण तोच व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर शंभरदा फिरवून कुणाचं काही वाकडं होत नाही. कुठला आदेश होता, सही कुणाची होती, किती रुपयांत प्रकरण मिटलं, हे सांगणारा कागद हातात आला तरच पुढचं बोलणं होतं. तो कागद काढायला सामान्य माणसाकडे २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्याखालची कर्नाटकातली सेवा या एका कामाला कितपत उतरते, ते पाहू.

निकाल आधीच सांगतो. असलेला कागद बाहेर काढायला ही सेवा चांगली आहे. ‘असं का केलं’ हे विचारायला ती बिनकामाची. दुसऱ्या अपिलापर्यंत गाडी गेली तर महिनोन् महिने, कधी वर्षाहून जास्त वाट पाहावी लागते. पाचपैकी तीन गुण.

बेळगावचं सर्वांत बोलकं प्रकरण १७ जानेवारी २०२१ चं. जिल्हा क्रीडांगणावर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांची सभा झाली. मैदान तुडुंब, अंतर नाही, बिनमास्कचे चेहरे जिकडेतिकडे. जनहित याचिकेतून हे कर्नाटक उच्च न्यायालयासमोर आलं तेव्हा मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने गुन्हा का नोंदवला नाही, असं विचारलं. पोलिसांनी दाखवला तो २०,९०० रुपयांचा दंड. न्यायालयाला ते पटलं नाही, आणि कुणालाही पटू नये. या आकड्याकडे जरा जवळून बघा. त्या वेळी मास्कचा दंड महापालिका हद्दीत २५० रुपये आणि इतरत्र १०० रुपये होता. क्रीडांगण शहरात आहे. २०,९०० ला २५० ने भागलं तर ८३ माणसं होतात आणि वर १५० रुपये उरतात. म्हणजे एक तर सगळ्यांना शहराचा दर लावलेला नाही, किंवा या रकमेत दुसऱ्याच कसल्या पावत्या मिसळल्या आहेत. सगळ्यांकडून शंभरच घेतले असं धरलं तरी २०९ माणसं होतात. एवढ्या सभेत २०९!

अर्ज नेमका इथे लागू पडतो. मजकूर असा असावा: ‘१७ जानेवारी २०२१ रोजी बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत मास्क व अंतराचे नियम मोडल्याबद्दल दिलेल्या पावत्यांचे पुस्तक क्रमांक, पहिला व शेवटचा पावती क्रमांक, ठिकाण व प्रत्येक पावतीची रक्कम दाखवणाऱ्या नोंदीची प्रत, आणि ती रक्कम सरकारी खात्यात भरल्याच्या चलनाची प्रत. दंड भरणाऱ्यांची नावे झाकून दिल्यास हरकत नाही.’ ते शेवटचं वाक्य गाळू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधली लोकहिताची सवलत काढून टाकली, त्यामुळे ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढं म्हणून नकार देणं सोपं झालंय. नावं झाकायची तयारी आपणच दाखवली की ती पळवाट बंद होते. कलम १० नुसार झाकण्याजोगा भाग झाकून उरलेलं देता येतं. नावच हवं असेल तर कलम ८(२) चा आधार घ्या. त्यातली लोकहिताची तरतूद अजून शाबूत आहे, पण लोकहित कसलं, हे अर्जातच दोन ओळींत लिहावं लागतं.

‘अमुक नेत्यावर गुन्हा का नोंदवला नाही?’ असं लिहिलेला अर्ज हमखास फेटाळला जातो, कारण कायद्याच्या व्याख्येत माहिती म्हणजे कार्यालयात आधीपासून असलेली नोंद. नोंदीत नसलेलं कारण, खुलासा, मत हे त्यात बसत नाही. तोच प्रश्न ‘या कार्यक्रमाबाबत उघडलेल्या फाइलीतल्या टिप्पण्यांसह सर्व कागदांच्या प्रती’ असा फिरवून विचारला की अधिकाऱ्याला फाइल काढावीच लागते. टिप्पणीच्या पानावर कुणी काय शेरा मारला, ते दिसतं.

गुन्हे का नोंदले गेले नाहीत, याचं मूळ बरंचसं कायद्याच्या रचनेतच आहे. तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती. तिच्या कलम १८८ खाली न्यायालयाने दखल घ्यायची तर ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला गेला त्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागायची; तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९५ तसं सांगायचं. म्हणजे तक्रार लिहायची डीसींनी (जिल्हाधिकाऱ्यांनी) किंवा तहसीलदारांनी, आणि ती कुणाविरुद्ध? ज्याच्या एका फोनवर त्यांची बदली होऊ शकते त्याच्याविरुद्ध. लंडनमध्ये सरकारी कचेऱ्यांतल्या मेजवान्यांबद्दल पोलिसांनी १२६ नोटिसा काढल्या, एप्रिल २०२२ मध्ये खुद्द पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना दंड झाला. नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांना वाढदिवसाच्या जेवणाबद्दल २०,००० क्रोनर भरावे लागले. तिथे पोलिसांनी सत्तेवरच्या माणसाचं नाव पावतीवर लिहिलं. आपल्याकडे तसं झालं का, हे बघायला एक चांगला अर्ज आहे: मार्च २०२० ते जानेवारी २०२२ या काळात जिल्हाधिकारी व तहसीलदार कार्यालयांनी कलम १९५ खाली पाठवलेल्या लेखी तक्रारींची महिनावार यादी, ठिकाण आणि पोलीस ठाण्यासह. त्याच महिन्यांत सभा-मिरवणुकांना दिलेल्या आणि नाकारलेल्या परवानग्यांची नोंद दुसऱ्या अर्जात मागा. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कुणाला कुठला नियम लागला ते कुणी सांगायची गरज उरत नाही.

वेगळे अर्ज कशासाठी, तर कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. रागाच्या भरात लोक तीन पानं लिहितात, त्यात काँग्रेसने कोविडकाळात काढलेली मेकेदाटू पदयात्राही येते आणि गल्लीतला गटारही येतो. मग अर्ज परत येतो. तारीख, ठिकाण, कागदाचं नाव. एवढंच लिहा.

शुल्काच्या बाबतीत सीमाभागातल्या माणसाची हमखास फसगत होते, कारण मराठीतली बहुतेक मार्गदर्शनं महाराष्ट्रासाठी लिहिलेली असतात. महाराष्ट्रात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवून चालतं. इथे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा, नाहीतर कार्यालयात रोख भरून पावती घ्या. डीडीही चालतो, पण दहा रुपयांसाठी बँकेचा खर्च कशाला? पोस्टल ऑर्डर कॅम्पातल्या हेड पोस्टात मिळते. तिचा क्रमांक अर्जात लिहा आणि आपल्याकडे उरणाऱ्या अर्ध्या तुकड्याचा फोटो काढून ठेवा. ‘शुल्क मिळालं नाही’ या उत्तराला तोच पुरावा. प्रतींना पानामागे दोन रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्यांनी कार्डाची प्रत जोडली तर अर्जाचं शुल्क नाही.

ऑनलाइन अर्जासाठी राज्याचं स्वतःचं पोर्टल आहे. केंद्राच्या पोर्टलवर राज्याच्या कार्यालयासाठी अर्ज केला तर तो परत येतो आणि पैसे बुडतात. नावं सारखी असल्याने ही चूक फार होते. राज्याच्या पोर्टलवर बंगळूरच्या सचिवालयातल्या खात्यांसाठी अर्ज करणं सोयीचं. तालुक्याचं कार्यालय किंवा पोलीस ठाणं यादीत नेमकं सापडलं नाही तर तिथे वेळ घालवू नका, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

भाषेचा मुद्दा मात्र जिव्हारी लागणारा आहे. कलम ६ म्हणतं, अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत. बेळगावात ती कन्नड. ज्या जिल्ह्यात लाखो माणसं मराठीत जगतात तिथे आपल्याच भाषेतला अर्ज हक्काने चालत नाही, हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष आहे आणि गुण कापले ते मुख्यतः याच कारणाने. सोपी वाट म्हणजे हिंदी. लिपी तीच, कायद्याचा पूर्ण आधार, आणि साधी वाक्यं असतील तर मराठी माणसाला जड जात नाही. उत्तर बहुधा कन्नडमध्येच येतं. त्यात ‘लभ्यविल्ल’ दिसलं तर कागद उपलब्ध नाही, ‘वर्गायिसलागिदे’ म्हणजे अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवला, ‘तिरस्करिसलागिदे’ म्हणजे फेटाळला, आणि ‘मेल्मनवी’ शब्दाजवळ अपिल कुणाकडे करायचं ते लिहिलेलं असतं. अपिल अधिकाऱ्याचं नाव-पद उत्तरात देणं बंधनकारक आहे.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी घाबरायचं कारण नाही. पाच दिवसांत तो योग्य जागी पाठवणं ही त्यांची जबाबदारी, कलम ६(३). अर्जाच्या शेवटी हे कलम लिहून ठेवलं की टोलवाटोलवी कमी होते.

अर्ज पोचल्यापासून ३० दिवस. उत्तर नाही आलं तर तो नकारच समजायचा, आणि तिथून पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपिल त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. त्याला शुल्क नाही. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपिल राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाचं पीठ बेळगावात आहे, त्यामुळे बंगळूरची फेरी वाचते. मुदत उलटल्यावर माहिती दिली तर प्रती फुकट द्याव्या लागतात, हे अपिलात आवर्जून मागा. अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड करायचा अधिकार आयोगाला आहे.

पोलिसांकडून हमखास येणारा नकार म्हणजे ‘तपास चालू आहे’, कलम ८(१)(एच). नुसता तपास चालू असणं पुरत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. एफआयआरच्या प्रतीसाठी तर अर्जच नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात. दुसरा नकार, ‘कागद नष्ट केले’. मग लगेच नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी आणि त्याला मंजुरी देणारा आदेश मागायचा. २०२० ची पावतीपुस्तकं लेखापरीक्षण झालं की मोडीत निघू शकतात, म्हणून उशीर परवडणारा नाही.

आणखी दोन प्रकरणं अर्जाला योग्य आहेत. १३ मार्च २०२० ला मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांनी आठवडाभर मॉल, चित्रपटगृहं, मोठे लग्नसमारंभ बंद ठेवायला सांगितलं आणि १५ मार्चला, रविवारी, ते स्वतः बेळगावात आपल्याच पक्षाच्या विधान परिषद सदस्याच्या घरच्या मोठ्या लग्नाला आले. तेव्हा परवाने-पासांची पद्धत नव्हती, म्हणून लग्नाचा परवाना मागून काही निघणार नाही. डीसी कार्यालयाच्या शिष्टाचार शाखेकडे त्या दिवसाचा मुख्यमंत्र्यांचा दौरा कार्यक्रम मागा. बंदोबस्ताचा तपशील सुरक्षेच्या नावाखाली नाकारतील, दौऱ्याचा कागद नाकारायला फारसं कारण नाही. दुसरं २५ मे २०२० चं. दिल्लीहून येणाऱ्याला सात दिवस सरकारी विलगीकरण सक्तीचं असताना केंद्रीय मंत्री सदानंद गौडा बंगळूर विमानतळावरून थेट बाहेर पडले, आपल्याला सूट आहे म्हणाले. इथे आरोग्य खात्याकडे सूट देणाऱ्या आदेशाची प्रत मागायची, तो कोणत्या तारखेला आणि किती वाजता निघाला, याच्या जावक नोंदीसकट. महाराष्ट्रातून आलेली आपली माणसं तेव्हा वसतिगृहांत सात-सात दिवस काढत होती.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या, निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्याची नोंद काढणं सर्वांत अवघड. तिथे महसूल, आरोग्य आणि पोलीस अशी तिन्ही खात्यांची माणसं पाळीने बसायची, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल लागायचा. सूट होती ती घटनात्मक पदावरच्या व्यक्ती, आरोग्य कर्मचारी, दोन वर्षांखालची मुलं आणि अगदी तातडीच्या प्रसंगांना. पक्षाचे पदाधिकारी आणि त्यांच्या मागच्या गाड्या या यादीत नव्हत्या. निपाणी तहसीलदार, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा पोलीस अधीक्षक यांच्याकडे एकाच दिवशी तीन वेगळे अर्ज टाका, मजकूर तोच ठेवा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अहवालाविना सोडलेल्या वाहनांची पाळीवार नोंद आणि प्रत्येक नोंदीसमोर लिहिलेलं सूट दिल्याचं कारण. अवधी एका आठवड्याचा ठेवा. वर्षभराचा मागितला तर साधनांवर ताण पडतो म्हणून प्रती देण्याऐवजी येऊन पाहा म्हणतील. तसं म्हणाले तर जरूर जा, कलम २(जे) खाली पाहणीचा हक्क आहेच. हवी ती पानं टिपून घ्या आणि तेवढ्याच साक्षांकित प्रती मागा.