ससा गप्पच बसतो: ‘द रॅबिट लिसन्ड’ हळव्या मुलांना वाचून दाखवताना

कोरी डोअरफेल्ड यांचं हे इंग्रजी चित्रपुस्तक २०१८ मध्ये अमेरिकेत निघालं. गोष्ट एवढीशी. टेलर नावाचं एक पोर ठोकळ्यांचं काहीतरी भन्नाट उभारतं, पाखरांचा थवा येतो, सगळं कोसळतं. मग एकेक प्राणी सल्ला घेऊन हजर. कोंबडीला त्यावर बोलायचंय, अस्वलाला ओरडायचंय, हत्तीला आधी होतं तस्संच आठवून रचायचंय. तरस हसायला सांगतं, शहामृग लपायला, कांगारू सगळं फेकून द्यायला आणि साप चक्क दुसऱ्या कुणाचं तरी पाडायला. टेलरला यातलं काहीच नको असतं. सगळे निघून गेल्यावर ससा येतो, हळूहळू जवळ सरकतो आणि नुसता बसतो. पुढे टेलर बोलतं, ओरडतं, हसतंसुद्धा, पण ते आतून आल्यावर.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन अ‍ॅरन यांच्या मांडणीनुसार १५ ते २० टक्के मुलं अतिसंवेदनशील असतात. हा आजार नव्हे, स्वभाव. अशा मुलांना ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं’ हे सतत ऐकावं लागतं. टेलरचे ठोकळेही एवढीशीच गोष्ट आहे, आणि पुस्तक त्यावर एकदाही शेरा मारत नाही. खरी जमेची बाजू ही.

इंग्रजीत टेलर मुलगा की मुलगी ते सांगितलेलंच नाही. मराठीत वाचताना क्रियापद अडवतं. ‘ते पोर बसलं’ असं नपुंसकलिंगी वाचा, प्रश्न मिटतो. भावनांची नावं पुस्तकात फारशी नाहीत. ती आपण भरायची. ‘सॅड’वर भागवू नका. खट्टू, हिरमुसलेलं, धास्तावलेलं, रुसलेलं, गळ्याशी दाटून आलेलं: यातलं कुठलं, ते मुलाला ठरवू द्या.

सरळ वाचलं तर पाच मिनिटांत संपतं, आणि तिथेच फसतं. ससा आला की वाचणाऱ्यानेही थांबायचं, पान उलटायची घाई नको. मनात दहा अंक मोजा. अस्वलाचा आवाज नाटकी मोठा काढू नका. आवाजाला दचकणारं मूल तिथेच कान झाकतं. कोसळण्याच्या पानावर मूल पुस्तक मिटू लागलं तर मिटू द्यावं. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.

रडारड चालू असताना हे पुस्तक काढणं ही नेहमीची चूक. तेव्हा गोष्ट ऐकायला मूल जागेवर नसतं, आणि पुढे पुस्तक दिसलं की रडणंच आठवतं. शांत दुपारी वाचा. संपल्यावर ‘मग काय शिकलास?’ विचारलंत, की तुम्ही कोंबडी झालात. फार तर ‘आज कुठला प्राणी हवा?’ एवढंच, उत्तर ‘कुणीच नको’ आलं तर तेही चालेल.

उणीव एक, पण मोठी. दुःख इथे बाहेरच्या घटनेतून येतं. ढोलताशा, लग्नाच्या हॉलमधली गर्दी, मानेला टोचणारं कापडाचं लेबल यांनी जे मूल कोलमडतं, त्याच्यासाठी पुस्तकात काही नाही. तिथे ससा होण्याआधी मुलाला त्या जागेतून बाहेर काढावं लागतं. आणि झोप किंवा जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, तर पुस्तकावर विसंबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी जरूर घ्या. आधी आजी-आजोबांना वाचायला द्या. हत्ती आणि अस्वल घरात कोण, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं.