दाभोळच्या खाडीत १८ महिने : फायबरच्या होडीची निगा राखताना आलेला अनुभव

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी १८ फुटी फायबरची होडी आणि तिच्यासाठी २५ अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागच्या बाजूला बाहेरून बसवायचे, इंजिन घेतले. तेव्हापासून ती दाभोळच्या खाडीत, वाशिष्ठीच्या मुखापासून थोडे आत, आमच्या घरासमोर नांगरलेली असते. दोन हंगाम आणि मधला एक पावसाळा एवढ्या वापरानंतर हे लिहीत आहे. घेण्यापूर्वी मी चार जणांना वेग, बसण्याची जागा आणि पेट्रोलचा खर्च विचारला होता. निगेबद्दल कोणालाच काही विचारले नाही, आणि पुढे सगळा खर्च व मनस्ताप तिथूनच आला.

फायबरच्या ढाच्याबद्दल माझी तक्रार नाही. लाकडी होडीला माशाचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल पाजावे लागते आणि फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकावा लागतो. तो व्याप येथे नाही. बाहेरच्या जेलकोटाला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, पडलेली बारीक चीर मात्र लगेच भरून घ्यावी, कारण तिथून पाणी आतल्या थरांत शिरले की वरून काही दिसत नाही आणि आतून फोड धरू लागतात.

खरी परीक्षा इंजिनाची होते. त्याचा पाण्यात राहणारा भाग, ज्याला मेकॅनिक लेग म्हणतात, अ‍ॅल्युमिनियमचा असतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांशी जोडलेले असले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो. म्हणून लेगवर मुद्दाम अ‍ॅनोड, म्हणजे धातूचा एक तुकडा, बसवलेला असतो, जो आधी झिजतो आणि अ‍ॅल्युमिनियमला वाचवतो. हे मला पुस्तकी माहीत होते. पण पहिल्याच वर्षी तळाला शेवाळरोधक रंग देण्याचे काम मी ज्यांना दिले, त्यांनी तोच तांबेयुक्त रंग लेगवर आणि थेट अ‍ॅनोडवरही फासला. होडी चकचकीत दिसत होती, म्हणून मीही पैसे देऊन मोकळा झालो. त्या हंगामात इंजिन वर उचलून ठेवण्याची सवय मला नव्हती, त्यामुळे लेग दिवसरात्र पाण्यात राहिला. तीन महिन्यांनी उधाणाच्या ओहोटीला होडी वाळूवर घेतली आणि लेगवरून हात फिरवला, तेव्हा पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरच्या बाजूला बोटाला खड्डे लागले. रंगाचा पापुद्रा नखाने उचलला, तर खाली पांढरी भुकटी होती आणि तिच्याखाली खवल्यासारखे उकरलेले अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅनोड मात्र रंगाखाली जसाच्या तसा, नवा कोरा. तो झिजला नव्हता, म्हणजेच त्याने काही वाचवले नव्हते. लेगची दुरुस्ती मला अ‍ॅनोडच्या किमतीच्या कित्येक पट पडली.

तेव्हापासून तळाला तांबेयुक्त रंग देताना धातूच्या भागांभोवती मोकळी पट्टी सोडतो, लेगला तांबेविरहित रंग वापरतो आणि अ‍ॅनोडवर ब्रश फिरू देत नाही. आणखी एक गोष्ट खाडीत होडी ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. समुद्रासाठी जस्ताचा अ‍ॅनोड उत्तम, पण पाणी निमखारे असेल तर त्यावर थर चढतो आणि त्याचे काम मंदावते. आमच्याकडे एप्रिलमध्ये पाणी खारट असते आणि पावसाच्या तोंडाला चांगलेच गोडे होते, म्हणून मी आता अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा अ‍ॅनोड लावतो. निम्मा झिजला की तो बदलतो.

तळाच्या रंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो केवळ होडीमालकाचा प्रश्न नाही. रंग नसेल तर काही आठवड्यांत तळावर शेवाळ आणि त्यामागून बार्नेकलचे कडक पांढरे खवले चढतात, होडी जड चालते आणि पेट्रोल जास्त खाते. पूर्वी यासाठी कथिलाच्या संयुगाचे, टीबीटी नावाचे रंग सर्रास वापरत. फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात त्यांच्यामुळे कालवांची कवचे वेडीवाकडी जाड झाली आणि तिथला कालव-व्यवसाय कोसळला. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींना हे रंग देण्यावर बंदी घातली, पुढे २००१ मध्ये त्यांच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २००८ मध्ये अमलात आला. आजचे तांब्याचे रंग तेवढे घातक नसले, तरी निरुपद्रवी नाहीत. आमच्या खडकांवर ओहोटीला बायका कोयती घेऊन कालवे काढायला येतात. तीच कालवे संध्याकाळी आमच्याही ताटात असतात. म्हणून तळ खरवडायचा असेल तेव्हा मी होडी पूर्णपणे वर ओढतो, खाली ताडपत्री अंथरतो आणि खरवडलेला चुरा पोत्यात भरतो. ओहोटीच्या चिखलातच रंग घासून टाकणारे पाहिले की मला फार वाईट वाटते.

इंजिन चालू असताना त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची जी बारीक धार मागून पडते, तिच्याकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. मागच्या डिसेंबरात ती दोऱ्याएवढी झाली. मी लगेच इंजिन बंद केले, वल्ह्याने धक्क्याला आलो आणि पाण्याचा पंप उघडला. आतल्या रबरी इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राची, सगळी पाती एकाच बाजूला वाकून तशीच आखडली होती आणि त्यांच्या कडा गाळाने खरडल्या होत्या. खाडीचे पाणी गढूळ असते, त्यामुळे मी वर्षातून एकदा, काही दिसो वा न दिसो, इम्पेलर बदलतो. फेरी संपल्यावर भरती असेल तर होडी धक्क्याला लावून विहिरीच्या टाकीवरून ४० मीटरची नळी आणतो आणि १० मिनिटे इंजिनातून गोडे पाणी सोडतो. एवढ्याने आतल्या वाटांत मीठ साचत नाही.

पंख्यामागचा दांडा दर महिन्याला तपासावा. तिथे तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळला जातो आणि सील कापतो. तसे झाल्यास गिअरचे तेल दुधाळ चहासारखे दिसते, कारण त्यात पाणी शिरलेले असते. माझ्या इंजिनात हे एकदाच झाले आणि वेळीच कळले.

पेट्रोलमधले इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढते. म्हणून पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवून घेतला आहे आणि पावसाळ्याआधी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करतो.

मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होते. मी त्याआधीच होडी वर घेतो. इंजिन काढून पडवीत उभे ठेवतो, तळाचे बूच काढतो म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही, आणि होडी झावळ्यांनी शाकारतो. माडाखाली मात्र ठेवत नाही, कारण वरून पडलेला एक नारळ फायबरला तडा देण्यास पुरेसा आहे. पेट्रोलची रबरी नळी घरात नेतो. गेल्या वर्षी उंदरांनी ती दोन ठिकाणी कुरतडली होती.

सध्या लावलेला अ‍ॅनोड नारळी पौर्णिमेनंतर बसवला होता. काल त्यावरून बोट फिरवले, तर कडा गोल झाल्या आहेत आणि सुमारे एक तृतीयांश भाग झिजला आहे. लेगचे अ‍ॅल्युमिनियम मात्र गुळगुळीत आहे.