तंबोऱ्याची जवारी की हळदीची पट्टी?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझा मावसभाऊ तंबोरे करतो. मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. कामात मन कुठं जास्त रमतं, यावर आमचं नेहमी बोलणं होतं.

त्याच्या कामाचं मोल लगेच कानाला कळतं. जवारी काढताना, म्हणजे तारेत गुंज आणताना, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा किंचित घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. दोरा नेमक्या जागी आला की तार गुंजू लागते. तेव्हा त्याचा चेहरा बघावा! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा त्याला अभिमान आहेच. पण रोज सकाळी तो बसतो ते त्या गुंजण्यासाठी. कमाई मात्र बेभरवशाची.

माझा पगार ठरलेला, पण नुसत्या आकड्यांत जीव रमेना. सौद्यानंतर शेतकऱ्यांना पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, समजावून सांगायला लागले, वजन, दर, हमाली, तोलाई, एकेक ओळ बोट ठेवून, तेव्हा ते काम माझं झालं. भावाला अर्थ हातातच सापडतो. मला तो समोरच्या माणसात शोधावा लागला. तरी मी पट्टीच निवडेन. परवा एका काकांनी सगळा हिशेब स्वतः वाचला आणि कागद घडी घालून टोपीत ठेवला.