कनेक्टर काढून दाखवला आणि १०,८०० रुपये घेतले

गणपतीला गावी निघालेल्या पेट्रोल गाडीवाल्यांनी हे वाचाच. व्हीव्हीटी म्हणजे इंजिनच्या झडपा उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा; तिला ऑइल सोडणाऱ्या ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हच्या नावाखाली माझ्याकडून १०,८०० रुपये उकळले. व्हॉल्व्ह ६,८५०, मजुरी १,८००, इंजिन फ्लश १,४५०, स्कॅनिंग ७००. बिल? "सिझन आहे साहेब, नंतर व्हॉट्सअ‍ॅप करतो."

कशेडीच्या चढापासूनच पिकअप मेला होता. चिपळूण मागे टाकल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला. हायवेलगतच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कोड आला पी००११, म्हणजे झडपांचं टायमिंग हवं त्यापेक्षा पुढे सरकलंय. मग इंजिन आयडलवर ठेवून व्हॉल्व्हचा कनेक्टर उपसला. "बघा, काढला तरी आवाजात फरक नाही. म्हणजे व्हॉल्व्ह गेला."

इथेच! इथेच त्याला थांबवायला हवं होतं. आयडलवर कॉम्प्युटर त्या व्हॉल्व्हला जवळजवळ काही कामच देत नाही. चांगल्या व्हॉल्व्हचा कनेक्टर काढला तरी इंजिन तसंच चालतं. खरी टेस्ट उलटी असते: कनेक्टर काढून व्हॉल्व्हला क्षणभर थेट १२ व्होल्ट द्यायचे. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं, तर व्हॉल्व्ह हलतोय. त्याच्या हातात साधा मल्टीमीटरसुद्धा नव्हता.

पण पाऊस कोसळतोय, गाडीत डायबेटिसवाली आई, उद्या सकाळी घरात मूर्ती बसवायची. अशा वेळी कोण ओहम मोजत बसतं, सांगा. "चहा घेऊन या, तोवर बसवतो" म्हणाला, आम्ही गेलो. परत आलो तर दिवा बंद. जुना पार्ट मागितला, तर "तो कंपनीत जमा करावा लागतो."

राजापूरच्या आसपास दिवा पुन्हा लागला.

कुडाळच्या मेस्त्रीकाकांनी बॉनेट उघडून आधी व्हॉल्व्हच्या बोल्टाकडे बोट दाखवलं. त्यावरची जुनी माती तशीच! पाना लागलेलाच नव्हता, नुसता कोड पुसला होता. व्हॉल्व्ह काढून कॉइल मोजली: ७.४ ओहम, ठणठणीत. बॅटरीला टेकवला तर टक्कन वाजून आतला दांडा सरकला. व्हॉल्व्हच्या ऑइलच्या जाळीवर मात्र काळा गाळ. (गाडी सेकंडहँड आहे, गाळ मागच्या मालकाचा. मी ऑइल वेळेवर बदलतो.) क्लीनरने धुणं, नवी ओ-रिंग, मजुरी सगळं मिळून ६५० रुपये. ऑइल वेगळं. कॉइलच गेली असती तर बहुधा पी००१० (व्हॉल्व्हच्या विजेच्या सर्किटचा कोड) आला असता, हेही काकांनीच सांगितलं.

आता पोलिसांचं ऐका. ठाण्यातल्या हवालदारांचा पहिला प्रश्न, "गाडी चालू झाली ना?" मग, "हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा." बंदोबस्त आहे, विसर्जनानंतर या. विसर्जनानंतर गेलो तर ते साहेब रजेवर, दुसऱ्यांना काही ठाऊक नाही आणि अर्जाची पोच द्यायला शिक्का सापडेना! गॅरेजवाल्याला एक फोन तरी लावा म्हटलं, तर "नंबर आहे ना तुमच्याकडे, तुम्हीच लावा." मी लावला. पैसे गेलेत ते खातं भावाचं, आणि भावाला गाड्यांतलं काही कळत नाही, असं उत्तर मिळालं.

चहाला जाऊ नका. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. यूपीआयवर दुसऱ्याचं नाव दिसलं की हात आखडा. कोडचा फोटो काढा. बिल नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतानाही अडतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. माझा अर्ज तयार आहे, बोल्टाचा फोटो जोडलाय.