टेरेस वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली १ लाखाला गंडवलं, पावसाळ्याआधी काम काढणाऱ्यांनी वाचाच

साताऱ्यातल्या आमच्या घराच्या टेरेसचं वॉटरप्रूफिंग करतो म्हणून ज्या माणसाने आमच्याकडून १,००,००० रुपये घेतले त्याने प्रत्यक्षात जुन्या कोब्यावर (म्हणजे स्लॅबवरच्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरावर) दीड इंच सिमेंटचा माल थापला, दोऱ्याने चौकटी मारल्या आणि वरून पांढरा रंग फासला. बस, एवढंच काम. जुलैमध्ये बेडरूमचा स्लॅब टपकायला लागला, त्याला फोन केले तर आधी 'येतो ताई, पाऊस उघडू दे' आणि मग फोन उचलणंच बंद, शेवटी दुसऱ्या गवंड्याला बोलावलं, त्याने टेरेसच्या मधोमध छिन्नी मारली आणि वरचा थर पापुद्र्यासारखा हातात आला. खाली आमचा १९९८ सालचा कोबा जसाच्या तसा, भेगांसकट. माझं तर डोकंच फिरलं.

ठरलं काय होतं ते सांगते. ६५० स्क्वेअर फूट टेरेस, १६५ रुपये फुटाने १,०७,२५०. जुना कोबा पूर्ण फोडून काढायचा, स्लॅब धुवून भेगा भरायच्या, केमिकलचे दोन हात, मग नवीन विटांचा कोबा पाइपाकडे उतार देऊन, पॅरापेटच्या म्हणजे कठड्याच्या कडेने गोलाईत वाटा (कोपरा बुजवणारी सिमेंटची पट्टी) आणि शेवटी पाणी भरून टेस्ट. सगळं त्याच्या लेटरहेडवर आहे, खाली सही आहे. ६०,००० ॲडव्हान्स, 'कोबा झाला' म्हटल्यावर ४०,०००, उरलेले ७,२५० पावसानंतर. ते तेवढे वाचले. ॲडव्हान्समधले ३५,००० त्याने कॅश मागितले, लेबरला रोजचा पगार द्यावा लागतो म्हणून. कॅश देऊ नका, दिली तर तिथल्या तिथे सही घ्या. आमच्याकडे सही आहे म्हणून आज बोलता तरी येतंय.

आता सगळे विचारतात तुमचं लक्ष कुठे होतं. लक्ष होतं! त्याच आठवड्यात सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, ह्यांची फर्स्ट शिफ्ट, माझी शाळा दुपारपर्यंत, आणि वर दिवसभर घणाचे आवाज चालू, घरात बसलेल्या माणसाने अजून काय समजायचं? पण एक गोष्ट मला अजून रात्री झोपू देत नाही ती म्हणजे राडारोडा. ६५० फुटांचा साडेचार इंच जाड कोबा फोडला तर सरळ हिशोबाने जवळपास अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माल निघतो, फोडल्यावर फुगतो तो वेगळा. त्याला डंपर लागतो किंवा छोट्या हत्तीच्या, म्हणजे छोट्या टेम्पोच्या, खेपांवर खेपा. आमच्याकडून छोटा हत्ती एकदा भरून गेला आणि तोही काठोकाठ नाही. त्याने फक्त कडेचा आणि पाइपाच्या तोंडाजवळचा भाग फोडला होता. मी विचारलं होतं हो, एवढाच कसा निघाला म्हणून! तर शांतपणे म्हणतो, ताई जुन्या काळी कोबा पातळच घालायचे. शिक्षिका असले तरी बांधकामातलं मला काय माहीत, आणि सासऱ्यांना काका काका करत डोळ्यात ड्रॉप घालायची वेळ झाली का विचारणाऱ्या माणसावर संशय तरी कसा घ्यायचा. कोबा फोडायचं काम असेल तर फोडल्यानंतरचा उघडा स्लॅब स्वतः वर जाऊन बघा, फोटो काढा, त्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

पाणी भरायची टेस्टही त्याने टाळली. पाइपाची तोंडं बंद करून टेरेसवर पाणी साठवून किमान २४ तास, खरं तर ४८ तास ठेवायचं असतं. हा म्हणाला आत्ता पाणी भरलं तर केमिकल सेट होणार नाही. साफ खोटं! केमिकल वाळायला वेळ द्यायचा आणि मग भरायचंच. जो टेस्टला नाही म्हणतो त्याला पैसे नाही, विषय संपला.

दहा वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड दिलं होतं, एका मोठ्या कंपनीचा लोगो छापलेलं. कंपनीत फोन केला तर म्हणे हा आमचा ऑथराइज्ड माणूस नाही, बिल आणि डब्याचा बॅच नंबर सांगा. बिल कुठलं? १८ टक्के जीएसटी म्हणजे १९,३०५ रुपये वाचतील म्हणून त्यानेच कच्च्यावर काम ठरवलं होतं. केमिकलचे डबे आले तेव्हाच त्यांची सीलं उघडी होती. कंपनीला तिचा लोगो वापरून लोकांना लुटतायत याचं काही पडलेलं नाही, 'मेल करा' एवढंच, मेलला उत्तर नाही.

पोलीस स्टेशनला गेलो तर पहिलं वाक्य, मॅडम ही दिवाणी बाब आहे, काम तर केलंय ना त्याने, क्वालिटीचा वाद आहे. अहो क्वालिटीचा वाद कसला? कोबा काढायचे पैसे घेतले आणि कोबा काढलाच नाही, खोटं वॉरंटी कार्ड दिलं, याला फसवणूक नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम मग आहे कशाला? अर्ज घेतला पण पोच देईनात, ह्यांनी आवाज चढवला तेव्हा शिक्का मिळाला. साहेब बंदोबस्तावर, साहेब मीटिंगला, साहेब कोर्टात. आणि ज्या माणसाचा फोन नंबर, गाडी नंबर, बँक खातं सगळं आम्ही लिहून दिलं त्याला एक फोन करून बोलावून घ्यायला यांना जमत नाही. नगरपालिकेत विचारलं तर अशा लोकांची नोंद आमच्याकडे नसते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, डॉकेट नंबर मिळाला, पुढे 'समोरच्याकडून प्रतिसाद नाही' म्हणून तक्रार बंद. प्रतिसाद देणारा असता तर तुम्हाला फोन कशाला केला असता? टॅक्स भरायचा, नियमाने वागायचं आणि लुटले गेलो की प्रत्येक खिडकीवर आपल्यालाच आरोपीसारखं उभं करायचं. संताप संताप होतो.

पोलीस दाद देत नसतील तर तोच अर्ज पोस्टाने एसपींना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) मध्ये ती सोय आहे, आम्ही पाठवलाय. जिल्हा ग्राहक आयोगातही केस टाकली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, फक्त दोन वर्षांच्या आत टाकायची. पण नोटीस जायला पत्ता खरा हवा, लेटरहेडवरचा गाळा त्याने कधीच सोडलाय. काम देण्याआधी आधार कार्डाची कॉपी मागा, लाजू नका. आणि खराब काम तोडायच्या आधी व्हिडिओ काढा, इंजिनिअरकडून लेखी रिपोर्ट घ्या, नाहीतर पुरावाच राडारोड्यात जातो.

पावसानंतर दुसऱ्याकडून सगळं नव्याने केलं. २१० रुपये फुटाने १,३६,५००, राडारोडा उचलायचे १४,०००, बेडरूमची पुट्टी आणि रंग १८,४००. म्हणजे १,६८,९०० वेगळे, आधीचे १ लाख गेले ते गेलेच. सासऱ्यांनी पेन्शनमधून साठवलेले पैसे होते ते.

तो माणूस आता कोरेगाव आणि कराड साइडला नवीन नावाचं कार्ड वाटतोय असं कळलंय. मेमध्ये येतो, पावसाच्या आत करून देतो म्हणून घाई करतो, साठ हजारांच्या आसपास ॲडव्हान्स मागतो आणि सोबत जाड, गुळगुळीत वॉरंटी कार्ड असतं. तुमच्याकडे असं कोणी आलं असेल तर ते कार्ड आणि लेटरहेड जपून ठेवा आणि मला कळवा, आयोगात आमच्यासोबत अजून कोणी उभं राहिलं तर केसला जोर येईल.