कार आणि घरसामान एकाच बंद ट्रेलरमध्ये: २० फुटी की २४ फुटी?

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवायचं, आणि कारसकट सगळं एकाच बंद ट्रेलरमध्ये घालून आपणच ओढत न्यायचं ठरलं, की बहुतेक जण आधी लांबी विचारतात. माझ्या लेखी लांबी तिसऱ्या नंबरवर येते. आधी एक्सल (चाकं जोडणारा, ट्रेलरचा भार पेलणारा दांडा), मग ओढणारी गाडी, मग लांबी. जागा कमी पडली तर चार खोकी मागे राहतील. एक्सल कमी पडला तर हायवेवर टायर फुटेल.

हिशोबासाठी एक साधी सेडान धरू: लांबी १६ फूट, वजन ३३०० पौंड (सुमारे १५०० किलो). घरसामानासाठी मूव्हर्स मंडळी दर घनफुटाला ७ पौंड धरतात, आपणही तेच धरू. ट्रेलर आतून ८ फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच. २० फुटी ट्रेलरमध्ये कारपुढे ४ फूट उरतात, म्हणजे साधारण २०० घनफूट. २४ फुटीमध्ये त्याच्या दुप्पट.

आकडे पौंडांत. ‘३५०० चे दोन एक्सल’ म्हणजे प्रत्येकी ३५०० पौंड पेलणारे दोन:

| | २० फूट, ३५०० चे दोन एक्सल | २० फूट, ५२०० चे दोन | २४ फूट, ३५०० चे दोन | २४ फूट, ५२०० चे दोन |
|---|---|---|---|---|
| भरलेल्या ट्रेलरची मर्यादा | ७००० | ९९९० | ७००० | ९९९० |
| रिकामा ट्रेलर (अंदाजे) | ३२०० | ३५०० | ३६०० | ४००० |
| कार घातल्यावर सामानासाठी उरलेलं वजन | ५०० | ३१९० | १०० | २६९० |
| कारपुढच्या जागेत मावेल एवढं सामान | १४५० | १४५० | २९०० | २९०० |

तिसरा रकाना नीट बघा. २४ फुटी ट्रेलर, आत ऐसपैस जागा, आणि कार चढवल्यावर सामानासाठी उरतात १०० पौंड. म्हणजे एक गादी आणि दोन खुर्च्या. तरीही जाहिरातींमध्ये हा प्रकार भरपूर दिसतो, कारण लांबी फोटोत दिसते आणि एक्सल दिसत नाही. इलेक्ट्रिक कार असेल तर विषयच संपला, कारण त्यातल्या बऱ्याच कार ४००० पौंडांच्या वर जातात. पहिल्या रकान्यातला ट्रेलरही बिऱ्हाडाच्या कामाचा नाही. नुसती कार आणि थोडी अवजारं न्यायची असतील तर ठीक.

५२०० च्या दोन एक्सलांची बेरीज १०,४०० होते, मग पाटीवर ९९९० का? तिथे १०,००० पौंडांची कायदेशीर रेघ आहे. ट्रेलर तिच्या वर गेला आणि ट्रक व ट्रेलर मिळून मर्यादा २६,००१ किंवा त्याहून जास्त झाली, तर व्यावसायिक लायसन्सचा प्रश्न येतो. म्हणून उत्पादक आकडा मुद्दाम थोडा खाली ठेवतात.

म्हणजे सामना दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात आहे. २४ फुटीमध्ये जागा आणि वजन जवळजवळ एकदम संपतात, म्हणजे पैसा पुरेपूर वसूल. २० फुटीमध्ये जागा आधी संपते आणि वजनाला वाव राहतो. कागदावर २४ फुटी जिंकतो. पण तो ओढणार कोण?

ट्रेलर हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या, बॉलवर जो दाब टाकतो त्याला टंग वेट म्हणतात. तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. २० फुटी ट्रेलर वरच्या हिशोबाने भरला तर ८२५० पौंडांचा होतो आणि दाब सव्वाआठशे ते बाराशे चाळीसच्या दरम्यान येतो. २४ फुटी काठोकाठ भरला तर हाच दाब हजार ते दीड हजार. आता पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. एफ-१५० किंवा सिल्व्हराडो १५०० च्या वर्गात माणसं आणि सामान मिळून किती वजन चालतं, तो आकडा अनेकदा दीड हजाराच्या आसपास असतो. त्यातून चार माणसं, हिच आणि मागच्या सीटवरच्या बॅगा वजा करा. २४ फुटीसाठी काहीच शिल्लक राहत नाही. २० फुटीचंही जेमतेम जमतं, आणि तेसुद्धा वजन विभागणारा हिच लावूनच. जाहिरातीतला ‘११,००० पौंड ओढतो’ हा दावा खरा असला तरी गाडी अडते ती इथे. शिवाय ट्रेलरची बाहेरून साडेआठ फूट रुंद भिंत वाऱ्याला आडवी जाते. तेवढ्याच वजनाचा उघडा ट्रेलर ओढताना इंजिनाला इतके श्रम पडत नाहीत.

माझा कौल असा: तुमच्याकडे २५०० वर्गातला, म्हणजे एक पायरी वरचा दणकट पिकअप असेल तर ५२०० एक्सलांचा २४ फुटी. १५०० वर्गातला असेल तर त्याच एक्सलांचा २० फुटी, आणि उरलेलं सामान दुसऱ्या मार्गाने. एसयूव्हीने यातला कुठलाच ओढू नये.

आता भरण्याबद्दल, कारण योग्य ट्रेलर घेऊनही चुकीचा भरला तर तो रस्त्यावर नागमोडी डुलायला लागतो. ऐकीव सल्ला असतो की सामान पुढे, कार मागे. चढवण्या-उतरवण्याच्या दृष्टीने तेच सोयीचं, पण एक्सल ट्रेलरच्या मध्यावर नसतात, थोडे मागे असतात. २४ फुटीमध्ये सगळं जड सामान नाकाडापासून रचलं आणि कार पार मागे लावली, तर टंग वेट १७ टक्क्यांच्या आसपास जातं. पिकअपचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटतं. उलट केलं, कार पुढे आणि सगळं जड सामान मागे, तर टक्केवारी दहाच्या खाली घसरते आणि डुलणं सुरू होतं. दोन्हींत हे दुसरं जास्त धोक्याचं.

मधला मार्ग असा: गाद्या, सोफा, उशा, कपड्यांची खोकी अगदी पुढे. पुस्तकं, भांडी, वॉशिंग मशीन त्यांच्यामागे, कारच्या तोंडाजवळ. सामान आणि कार यांच्या मध्ये आडवा बार किंवा पट्ट्यांची भिंत हवी, नाहीतर पहिल्या जोराच्या ब्रेकला पुस्तकांचं खोकं बॉनेटवर येईल. २० फुटीमध्ये आणखी एक युक्ती आहे: कार उलटी, रिव्हर्समध्ये चढवायची. इंजिनाचं वजन मागे सरकतं आणि टंग वेट उतरतं. कारच्या डिकीत आणि सीटवर सामान कोंबण्याचा मोह सगळ्यांना होतो. हलकं असेल तर कोंबा, पण ते वजन याच हिशोबात येतं, फुकट नसतं. पट्टे चाकांवरून घेतलेले बरे. मग कार स्प्रिंगवर हलली तरी पट्टा सैल पडत नाही.

रुंदीबाबत मात्र दुमत नको. ७ फुटी रुंदीचे ट्रेलर वजनाने हलके आणि स्वस्त असतात, पण कार आत घातल्यावर तिचं दार उघडत नाही आणि ड्रायव्हरला खिडकीतून बाहेर पडावं लागतं. साडेआठ फुटी, म्हणजे १०२ इंची, ही कायद्याने मोकळी असलेली कमाल रुंदी आहे. त्यातही चाकांवरच्या पेट्या आत येतात, तेव्हा दार नेमकं पेटीवर आपटतं का ते बघा. डाव्या बाजूला मोठं एस्केप डोअर (कारमधून थेट बाहेर पडता यावं म्हणून ट्रेलरच्या भिंतीत ठेवलेलं दार) असलेला मिळाला तर सोडू नका.

मागे रॅम्प हवाच. त्याची वजनमर्यादा वेगळी विचारा, ती एक्सलवरून ठरत नाही. कार जमिनीलगतची असेल तर मागचा भाग उतरता असलेला ट्रेलर बरा, मात्र त्या उतारावर कपाट सरळ उभं राहत नाही. टोकदार नाकाचा ट्रेलर असेल तर सांगितलेल्या लांबीत नाक धरलंय का ते विचारा, प्रत्येक उत्पादक वेगळं मोजतो. स्प्रिंग की टॉर्शन (स्प्रिंगऐवजी आतल्या रबरावर धक्के झेलणारा) एक्सल, या वादात मी पडत नाही. एकदाच्या प्रवासाला दोन्ही चालतात, आणि स्प्रिंग वाटेत दुरुस्त करायला सोपी.

भाड्याचा विचार असेल तर मोठ्या भाडेकंपन्यांकडे सहज मिळणारा बंद ट्रेलर सहसा ६ बाय १२ फुटांचा असतो, त्यात कार जात नाही. म्हणजे स्थानिक ट्रेलरवाल्याकडून भाड्याने घ्या, नाहीतर विकत घेऊन मुक्कामी पोचल्यावर विका. एकाच स्थलांतरासाठी हे करायचं असेल तर आधी दुसरं गणित मांडा: सामानाचा भाड्याचा ट्रक आणि त्याच्यामागे उघड्या ट्रेलरवर कार. पाऊस आणि धुळीची भीती सोडली तर साध्या सेडानसाठी तेच बहुधा शहाणपणाचं ठरतं. बंद ट्रेलर शोभतो तो जुनी जपलेली कार असेल तेव्हा, किंवा पुढेही त्याला काम असेल तेव्हा.

जुना घेत असाल तर खाली वाकून फ्लोअरचं प्लायवूड कडेने दाबून बघा, मऊ लागलं तर परत फिरा. इलेक्ट्रिक ब्रेक दोन्ही एक्सलवर आहेत का, आणि ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी छोटी बॅटरी जिवंत आहे का, तेही तपासा. टायरच्या कडेवर DOT ने सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते. ‘३२१७’ म्हणजे २०१७ चा ३२ वा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी असले टायर बदलूनच निघा. ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, तेव्हा मुक्कामाची वेळ त्या वेगाने ठरवा. आणि भरून झाल्यावर पहिला थांबा ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर घ्या, म्हणजे आकडे जुळले नाहीत तर दोन-चार खोकी पुढेमागे करायला घर जवळच असतं.